रीफ टँकमधला तपकिरी-लाल थर पुसूनही परत येतो तेव्हा : आधी ओळख, मग उपाय

पोवळी आणि मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकमध्ये वाळूवर आणि खडकांवर तपकिरी किंवा लालसर थर चढतो, आठवड्याच्या पाणीबदलात तो सायफनने ओढून काढला जातो, संध्याकाळपर्यंत टँक स्वच्छ दिसतो आणि दोन-तीन दिवसांत थर त्याच जागी पुन्हा उगवतो, ही तक्रार हा छंद जोपासणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. तिच्यावरचा ठरावीक सल्ला असा असतो की माशांना खाद्य कमी द्यावे, पाणी जास्त बदलावे, फॉस्फेट शोषणारे जीएफओ लावावे आणि दिव्यांचे तास घटवावेत. हिरव्या केसाळ शेवाळासाठी हा सल्ला योग्य आहे, सायनोबॅक्टेरिया (सायनो) या जिवाणूंसाठी तो अर्धवट लागू पडतो आणि डायनोफ्लॅजेलेट (डायनो) या सूक्ष्म एकपेशीय जीवांसाठी मात्र घातक ठरतो, कारण नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आलेल्या टँकमध्येच डायनो सर्वाधिक माजतात. दिसायला सारख्या असणाऱ्या दोन थरांना एकमेकांच्या नेमके उलट उपाय लागतात. म्हणून थर परत येत असेल तर चालू उपायाची मात्रा वाढवण्याआधी आपण कशावर उपाय करत आहोत, हे ठरवावे.

रंगावर विसंबू नये

डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळ, सोनेरी ते कॉफीच्या रंगाचे असतात, डायनो सोनेरी ते गंजासारखे, आणि सायनो बहुधा गडद लाल असले तरी ते काळपट हिरवे, निळसर किंवा चक्क तपकिरीही असू शकतात. त्यात रीफ टँकवरचे निळे एलईडी दिवे रंगांची पुरती दिशाभूल करतात. म्हणून थोडा नमुना मोठ्या सिरिंजने ओढून पांढऱ्या वाटीत घ्यावा आणि खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात पाहावा. मोबाइलवर निळ्या दिव्याखाली काढलेल्या छायाचित्रावरून मत मागणे आणि देणे, दोन्ही निरर्थक आहे.

रंगापेक्षा तीन गोष्टी जास्त सांगून जातात : थर सुटतो कसा, दिवसाच्या कोणत्या वेळी तो किती असतो, आणि टँकमधल्या गोगलगायी कशा वागत आहेत. सिरिंजने थरावर पाण्याचा हलका झोत मारला असता डायटम धुळीसारखे उडतात आणि पाणी क्षणभर गढूळ करतात. सायनोचा अख्खा पापुद्रा कडेपासून सुटतो आणि फाटक्या तुकड्यांनी तरंगू लागतो. डायनो ताणले जातात, शेंबडासारखे लांबतात, तुटतात आणि जवळच कुठेतरी पुन्हा चिकटतात. हिरवे केसाळ शेवाळ झोताबरोबर नुसते डुलते, कारण ते खडकाला धरून असते. बुडबुड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. प्रकाशात ऑक्सिजन तयार करणाऱ्या प्रत्येक चिकट थरात बुडबुडे अडकतात. फरक इतकाच की सायनोमध्ये ते बहुधा पापुद्र्याखाली साठतात आणि डायनोमध्ये वर उभ्या राहिलेल्या तारांच्या टोकांना लटकतात.

वेळेची खूण पाहण्यासाठी दिवे लागण्याआधी विजेरीच्या उजेडात एकदा आणि दिवे लागून पाच-सहा तास झाल्यावर एकदा वाळूचा तोच कोपरा पाहावा. सकाळी जवळजवळ पांढरी दिसणारी वाळू दुपारी तपकिरी होत असेल तर संशयाचा काटा डायनोकडे वळतो. त्यांच्या पेशी स्वतः हालचाल करतात. काही जाती रात्री पाण्यात सुटतात, तर काही वाळूत खाली उतरतात. सायनोचा थरही रात्री थोडा विरळ होतो, पण त्याचे पापुद्रे जागेवर सापडतात. डायटमच्या बाबतीत असा ठळक फरक सहसा दिसत नाही.

डायटम : बहुतेक वेळा पाण्याचा प्रश्न

नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येणारा तपकिरी भुगा हा बहुधा डायटमचा असतो. डायटम आपले कवच सिलिकापासून बनवतात. वाळू, खडक आणि पाणी यांतील सिलिकेट संपत आले की ते आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी औषध शोधत बसण्याची गरज नाही. जुन्या, स्थिरावलेल्या टँकमध्ये मात्र ते पुन्हापुन्हा येत असतील, तर सिलिकेट नेमाने कुठून तरी आत येत आहे आणि ते बहुधा भरण्याच्या पाण्यातून येते.

महाराष्ट्रात याची दोन कारणे नेहमी आढळतात. घरगुती आरओ यंत्रात चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असते आणि त्यामुळे गाळलेल्या पाण्यात थोडे मूळ पाणी किंवा क्षार मुद्दाम मिसळले जातात. पिण्यासाठी ही सोय आहे, पण रीफ टँकसाठी ते पाणी योग्य नाही. दुसरे असे की राज्याच्या मोठ्या भागाखाली बेसाल्ट आहे, हा खडक सिलिकेट खनिजांचा बनलेला आहे आणि तो झिजताना विरघळलेली सिलिका भूजलात उतरते. त्यामुळे बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत हा त्रास अधिक संभवतो. यावर आरओनंतर उरलेले आयन काढणारे डीआय रेझिन लावणे हा खरा उपाय आहे, परंतु त्यातही एक खोच आहे. रेझिन संपत आले की इतर आयनांच्या आधी सिलिका निसटू लागते, आणि टीडीएस मीटर विद्युतवाहकता मोजत असल्याने, पाण्यात जवळजवळ आयनीभूत न होणारी सिलिका त्याला दिसतच नाही. मीटर शून्य दाखवत असताना डायटम परतले तर रेझिन बदलून पाहावे किंवा सिलिकेटचे वेगळे टेस्ट किट वापरावे.

सायनो : शेवाळ नव्हे, जिवाणू

सायनोबॅक्टेरिया हे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. त्यांचा लाल रंग फायकोएरिथ्रिन या पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्यामुळे येतो आणि ओळखीची एक सोपी चाचणी त्यातूनच मिळते. पापुद्र्याचा तुकडा पांढऱ्या वाटीत गोड्या पाण्यात ठेवला की पेशी फुटतात आणि काही तासांत पाण्याला गुलाबी-जांभळट छटा येऊ लागते. डायटम किंवा डायनोमुळे असे होत नाही. तांबड्या समुद्राच्या नावाशी ज्याचा संबंध अनेकदा जोडला जातो आणि गोव्यासमोरच्या अरबी समुद्रातही ज्याचे तवंग दिसतात, तो ट्रायकोडेस्मियम याच कुळातला आहे.

सायनो साधारणतः तिथे येतात जिथे पाण्याची हालचाल मंद असते आणि गाळ साचतो : खडकांच्या मागे, वाळूच्या कोपऱ्यांत, पॉवरहेडचा, म्हणजे टँकमधले पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, झोत न पोचणाऱ्या पट्ट्यात. म्हणून पापुद्रे ओढून काढल्यावर पहिले काम म्हणजे झोताची दिशा बदलणे, खडकांवरचा गाळ उडवून सम्पमधल्या (टँकखालच्या गाळणटाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये अडकवणे आणि फेसाबरोबर घाण बाहेर काढणाऱ्या स्किमरला मोकळे काम करू देणे. खाद्य कमी करण्याचा सल्ला इथे लागू पडतो, पण एक मर्यादा सांभाळावी. सायनोच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू स्थिर करून स्वतःची गरज भागवतात. नायट्रेट शून्यावर आणले आणि फॉस्फेट तसेच राहिले, तर इतर सर्व वनस्पती उपाशी राहतात आणि सायनोला मैदान मोकळे मिळते. व्होडका किंवा व्हिनेगर घालून कार्बन डोसिंग (जिवाणूंना कार्बन पुरवून पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट कमी करणे) करणाऱ्यांच्या टँकमध्ये नेमके हेच अनेकदा घडते, कारण त्या पद्धतीत नायट्रेट फॉस्फेटच्या मानाने फार वेगाने खाली येते. अशा वेळी डोस हळूहळू घटवणे हा उपचाराचा पहिला भाग ठरतो.

एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक टाकल्यावर सायनो चटकन जातात, हे खरे आहे. तरीही ते माझ्या मते शेवटचे साधन आहे. मरणारा थर कुजताना ऑक्सिजन ओढून घेतो, त्यामुळे रात्री एअर पंप लावणे अनिवार्य होते; टँकमधल्या उपयुक्त जिवाणूंवर परिणाम होण्याचा धोका असतो; आणि तेच पाणी पुढे गटारात जाते. झोत आणि गाळ यांची व्यवस्था न लावता हे औषध टाकले तर महिनाभरात पापुद्रे त्याच कोपऱ्यात परत दिसतात.

डायनो : इथे घाई सर्वांत महाग पडते

डायनोफ्लॅजेलेट स्वतः वाईट नाहीत. पोवळ्यांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारे झूझँथेली हेही डायनोफ्लॅजेलेटच आहेत, आणि कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात कधीकधी रात्री लाटा निळ्या चमकतात त्यामागे नॉक्टिल्युका हा त्यांचाच भाऊबंद असतो. टँकमध्ये त्रास देणाऱ्या मुख्य जाती म्हणजे ऑस्ट्रिओप्सिस, अँफिडिनियम, प्रोरोसेंट्रम आणि कूलिया.

भारतात हा प्रश्न एका वेगळ्या कारणाने अधिक भेडसावतो. खडक बांधणारी पोवळी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवण किंवा अन्य किनाऱ्यावरून पोवळ्यांचा खडक उचलून आणणे हा गुन्हा आहे आणि तो होऊही नये. साहजिकच बहुतेक टँक कोरड्या खडकावर उभे राहतात. कोरड्या खडकावर सूक्ष्मजीवांची, कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवांची आणि कोरलाइन या टणक गुलाबी शेवाळाची ती दाट वस्ती नसते जी मोकळी जागा अडवून ठेवते. अशा जवळजवळ निर्जंतुक पृष्ठभागावर मोठा स्किमर, जीएफओ आणि हात राखून दिलेले खाद्य यांची भर पडली की नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर येतात, स्पर्धकच उरत नाहीत आणि डायनो जागा व्यापतात.

संशय आला की गाळणीची चाचणी करावी. थराचा नमुना टँकच्याच पाण्यासह छोट्या बाटलीत घेऊन मिनिटभर जोरात हलवावा, म्हणजे चिकट धागे तुटतात. मग ते पाणी कॉफीच्या फिल्टर कागदातून किंवा दाट टिश्यू पेपरमधून स्वच्छ काचेच्या ग्लासात गाळावे आणि दिव्याखाली तासभर ठेवावे. गाळलेले पाणी सुरुवातीला स्वच्छ दिसते. त्यात पुन्हा तपकिरी तार किंवा गुठळी जमू लागली तर ते डायनो असण्याची दाट शक्यता आहे, कारण त्यांच्या सुट्या पेशी पोहत येऊन पुन्हा एकत्र होतात. गुठळी जमली नाही म्हणून डायनो नाहीतच, असे मात्र म्हणता येत नाही. वाळूत राहणारे अँफिडिनियम या चाचणीत बऱ्याचदा फसवतात.

पक्की ओळख सूक्ष्मदर्शकानेच होते, आणि ४०० पट दाखवणारा शाळेच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शक त्याला पुरतो. नमुना ताजा असावा, कारण थंड झालेल्या किंवा दिवसभर पडून राहिलेल्या थेंबात पेशी हालचाल थांबवतात आणि हालचाल हीच मोठी खूण आहे. सायनो सरळ, आडव्या रेघांच्या तंतूंसारखे दिसतात आणि त्यांतले काही संथपणे सरकतात. डायटम काचेसारखे, रेखीव आणि सममित असतात, होडीच्या आकाराचे असतील तर सरळ रेषेत पुढे-मागे घसरतात, पण गिरक्या घेत नाहीत. ऑस्ट्रिओप्सिस थेंबाच्या आकाराचा असतो, टोकाकडून चिकट धाग्याने बांधलेला असतो आणि त्या धाग्याभोवती झुलत फिरतो. एकदा पाहिलेला हा नाच विसरला जात नाही. कूलिया अधिक गोल असतो. प्रोरोसेंट्रम लंबगोल, चपटा असतो आणि त्याच्या मध्यभागी बऱ्याचदा फिकट ठिपका दिसतो. अँफिडिनियम चपटा, अंडाकृती असून त्याच्या एका टोकाला चोचीसारखा बारीक भाग असतो आणि तो पृष्ठभागावरून सरसर सरकतो.

जात ओळखण्याचा खटाटोप कशासाठी, तर उपाय त्याप्रमाणे बदलतो. रात्री पाण्यात सुटणाऱ्या ऑस्ट्रिओप्सिसवर, पाण्यातल्या पेशी मारणारा अतिनील (यूव्ही) दिवा उत्तम काम करतो, मात्र त्याचा पंप सम्पमध्ये न ठेवता थेट मुख्य टँकमधून पाणी ओढणारा असावा आणि प्रवाह संथ असावा. मोठे अँफिडिनियम पाण्यात जवळजवळ येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी महागडा यूव्ही विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. त्यांच्यासाठी अनेक जण सोडियम सिलिकेट घालून सिलिकेट २ पीपीएमच्या (लिटरला २ मिलिग्रॅम) आसपास नेतात आणि मुद्दाम डायटम वाढवतात, म्हणजे वाळूवरची जागा डायटम घेतात. एरवी ज्याला शत्रू मानले तोच इथे कामाला येतो.

जात कोणतीही असली तरी उपाशी टँकला पोषण परत देणे हा सर्व डायनोंवरील उपचाराचा पाया आहे. जीएफओ काढावे, पाणीबदल काही काळ थांबवावेत, आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम व फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम या पातळीवर टिकवावे. नुसते खाद्य वाढवून हे साधायला वेळ लागतो, म्हणून शुद्ध क्षार वापरणे सोयीचे पडते. १ ग्रॅम सोडियम नायट्रेटमुळे १०० लिटर पाण्यातले नायट्रेट सुमारे ७.३ पीपीएमने वाढते. फॉस्फेटसाठी १२ जलरेणू असलेला ट्रायसोडियम फॉस्फेट १ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर डीआय पाण्यात विरघळवला, तर त्या द्रावणाचा १ मिलिलिटर १०० लिटर पाण्यात फॉस्फेट ०.०२५ पीपीएमने वाढवतो. पहिले काही दिवस घातलेले फॉस्फेट दुसऱ्या दिवशी गायब झालेले दिसेल, कारण कोरडा खडक ते शोषून घेतो. म्हणून डोस एकदम न वाढवता रोज मोजून तेवढीच भर घालावी. पुढच्या काही आठवड्यांत काचेवर हिरवी झाक आणि थोडे हिरवे शेवाळ दिसू लागले तर उपचार बरोबर दिशेने चालला आहे असे समजावे.

एक गोष्ट सुरक्षेची. ऑस्ट्रिओप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनसारखी विषे तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जेनोवाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिओप्सिस माजला तेव्हा समुद्रावरून उडणाऱ्या तुषारांमुळे ताप, खोकला आणि श्वसनाचा त्रास होऊन सुमारे २०० जणांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली होती. टँकमधले प्रमाण त्या मानाने क्षुल्लक असले तरी हातमोजे घालावेत आणि सायफनची नळी तोंडाने ओढून सुरू करण्याची सर्वत्र रुळलेली सवय इथे कटाक्षाने टाळावी. टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी काचेवरून गळून पडू लागणे, उलट्या पडून राहणे किंवा एकामागून एक मरणे ही विषारी डायनोची मोठी खूण आहे. त्या उरल्या असतील तर बादलीत वेगळ्या कराव्यात.

टेस्ट किटवरील शून्याचा अर्थ

टेस्ट किट पाण्यात मोकळे असलेले नायट्रेट आणि फॉस्फेट मोजते. शेवाळाने आधीच पोटात घातलेले त्याला दिसत नाही. खडक हिरव्या केसांनी झाकलेला असताना फॉस्फेट शून्य आले, तर पोषण भरपूर येत आहे आणि शेवाळ ते लगेच गिळत आहे असा त्याचा अर्थ होतो. खडक उघडा आहे, हिरवे काहीही नाही, पोवळी फिकी पडत आहेत आणि वाळूवर तपकिरी तारा आहेत, अशा वेळी आलेला शून्य मात्र खरा शून्य मानावा. पहिल्या टँकला आवर घालायचा असतो आणि दुसऱ्याला भर घालायची असते.

हिरवे प्रकार

यांची ओळख तुलनेने सोपी आहे. साधे हेअर अल्गी, म्हणजे बहुधा डर्बेसिया, चिमटीत सहज सुटते, पाण्याबाहेर काढल्यावर लोळागोळा होते आणि त्याच्या केसांना पिसासारखी मांडणी नसते. ब्रायॉप्सिसचे प्रत्येक पाते भिंगाखाली नेच्याच्या पानासारखे दिसते, दोन्ही बाजूंना समान फांद्या असतात, आणि बहुतेक शाकाहारी मासे त्याला तोंड लावत नाहीत. हाताने उपटणे, फॉस्फेट हळूहळू उतरवणे आणि सर्जनफिश, ब्लेनी किंवा टर्बो गोगलगायी यांची मदत घेणे डर्बेसियासाठी बहुधा पुरते. ब्रायॉप्सिससाठी फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम या प्रमाणात वापरले जाते; त्या काळात गाळणीतला सक्रिय कार्बन, जीएफओ आणि यूव्ही बंद ठेवावे लागतात, परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, आणि मेलेल्या शेवाळातून सुटणारे पोषण आधी उपटून कमी केले नाही तर त्याच्यामागून सायनो येतात. हे औषध सायनोवर किंवा डायनोवर चालत नाही, तरीही ते तिथे टाकून पाहिले जाते.

बबल अल्गीचे चकचकीत हिरवे मणी चुकीचे ओळखले जाणे अवघड आहे. मणी फोडू नयेत, सायफनच्या नळीचे टोक मण्याला लावून अख्खे उचकटावेत, आणि लहान मण्यांसाठी एमराल्ड खेकडा ठेवावा. जांभळट-गुलाबी, टणक, नखाने न निघणारा थर मात्र कोरलाइनचा असतो. तो समोरच्या काचेवरून हवा तर खरवडावा, खडकावरून कधीही नाही, कारण बाकी सर्वांना जागा नाकारणारा तोच आहे.

अंधाराचा उपाय आणि पांढरी बुळबुळ

तीन दिवस टँक पूर्ण झाकून ठेवल्यावर थर गेला, म्हणून तो अमुकच होता, असे सिद्ध होत नाही. सायनो आणि डायनो दोघेही अंधारात ओसरतात आणि मूळ कारण तसेच असेल तर दोघेही आठवड्याभरात परततात. अंधाराचा खरा उपयोग इतर उपायांना आघाडी मिळवून देण्यापुरता आहे : ऑस्ट्रिओप्सिसच्या बाबतीत यूव्ही चालू ठेवून, आणि सायनोच्या बाबतीत आधी पापुद्रे व गाळ काढून. मासे आणि पोवळी तीन दिवस निभावून नेतात, पण आधीच फिकी पडलेली पोवळी असतील तर हा प्रयोग टाळावा.

सम्पच्या नळ्यांत, पंपाच्या जाळीवर किंवा डोसिंगच्या नळीच्या तोंडाशी साचणारी पांढरट, अर्धपारदर्शक बुळबुळ ही वरीलपैकी काहीही नाही. तिला प्रकाश लागत नाही, ती कार्बन डोसिंगवर वाढणाऱ्या जिवाणूंची असते, आणि दिवे, जीएफओ किंवा औषधे यांनी तिच्यात फरक पडत नाही. नळ्या काढून ब्रशने धुवाव्यात, कार्बनचा डोस अर्ध्यावर आणावा आणि त्यानंतर आठवडाभर नायट्रेट मोजत राहावे.